वामनदादा कर्डक यांची गीतरचना : शोक आणि प्रेम यांचा पुनर्विचार

१. प्रास्ताविक

दलित कविता आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची कविता यांची तुलना मराठी समीक्षेला नवी नाही. या तुलनेला मराठी समाजजीवनात जुनी पूर्वपीठिका आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांच्यात पत्रव्यवहार झाला. पुढे म. ना. वानखेडे यांनी कृष्णवर्णीय लेखकांच्या बंडाकडे मराठी लेखकांचे लक्ष वेधले, जनार्दन वाघमारे यांनी ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हा ग्रंथ सिद्ध केला, आणि १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच ‘ब्लॅक पँथर’वरून घेतले.

या तुलनेने मराठी समीक्षेला पुष्कळ काही दिले. तथापि तिच्या दोन मर्यादा आहेत. पहिली अशी की, तुलनेसाठी निवडलेली कविता प्रायः छापील, मुक्तछंदातील आणि साठोत्तरी आहे. दुसरी अशी की, या कवितेतून शोधला गेलेला भाव प्रायः विद्रोहाचा आणि नकाराचा आहे. शोक आणि प्रेम हे भाव दलित कवितेच्या चर्चेत एक तर दुय्यम ठरले, किंवा ‘वैयक्तिक’ म्हणून बाजूला ठेवले गेले.

या दोन मर्यादा परस्परांपासून वेगळ्या नाहीत. शोक आणि प्रेम हे भाव ज्या रचनाप्रकारात सर्वाधिक साठले, तो रचनाप्रकार म्हणजे आंबेडकरी गीत होय. आणि तेच समीक्षेच्या कक्षेबाहेर राहिले. ‘प्रचारगीत’ किंवा ‘व्यक्तिपूजा’ अशी नावे देऊन त्याचा विचार संपवला गेला. प्रस्तुत लेखात वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्या लेखनजीवनाच्या आधारे या समजुतीची तपासणी करावयाची आहे. वामनदादांचे भीमगीत हे मूलतः शोकाचे आणि प्रेमाचे गीत आहे, आणि त्यातील प्रचार हा त्या शोकाला लावलेला मार्ग आहे, असे येथील प्रतिपादन आहे.

२. अक्षरापूर्वीचे आणि अक्षरानंतरचे

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी या गावी झाला. शाळेचा लाभ त्यांना झाला नाही. तरुण वयात अनसूया यांच्याशी झालेला विवाह टिकला नाही, आणि त्या विवाहातून झालेली मीरा ही मुलगी लहानपणीच मृत्यू पावली. पुढे शांताबाई यांच्याशी त्यांनी दुसरा संसार केला. पोटासाठी ते मुंबईत आले आणि मिळेल ते अंगमेहनतीचे काम करीत कामगारवस्तीत राहिले.

त्यांच्या अक्षरओळखीची हकीकत प्रसिद्ध आहे. कोणी एकाने त्यांना पत्र वाचून दाखवावयास सांगितले. ते वाचता न आल्याची शरम त्यांच्या जिव्हारी लागली, आणि देहलवी नावाच्या मास्तरांकडून ते बाराखडी शिकले. रस्त्यावरील दुकानांच्या पाट्या वाचत त्यांनी वाचनाचा सराव केला. ही हकीकत केवळ जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. वाङ्मयदृष्ट्या तिचे महत्त्व निराळे आहे. वामनदादांना अक्षर उशिरा भेटले. त्यापूर्वी त्यांच्या कानात तमाशा, भजन, जलसा आणि हिंदी चित्रपटगीत यांची लय मुरलेली होती. म्हणून त्यांच्या रचनेत अक्षर हे लयीच्या मागून येते. गीत प्रथम कानात सिद्ध होते आणि नंतर वहीत उतरते.

१९४३ साली त्यांनी पहिले गीत रचले. ते एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवरील विडंबन होते. त्याच वर्षी त्यांनी आंबेडकरांना प्रथम पाहिले असे सांगितले जाते. पुढची सहा दशके त्यांचे गीतलेखन आणि गायन अखंड चालू होते. त्यांच्या गीतांची संख्या हजारोंच्या घरात सांगितली जाते. पुस्तकरूपाने आली ती त्यांतील थोडी. ‘वाटचाल’ (१९७३), ‘मोहळ’ (१९७६) आणि ‘हे गीत वामनाचे’ (१९७७) हे त्यांचे प्रमुख संग्रह होत. ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे त्यांचे आत्मकथन १९९६ साली प्रसिद्ध झाले. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) या गाजलेल्या चित्रपटासाठीही त्यांनी गीत लिहिले. १९९३ साली वर्धा येथे भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १५ मे २००४ रोजी त्यांचे निधन झाले.

या जीवनपटात एक प्रश्न दडलेला आहे. पत्नी दुरावली, मुलगी गेली, दारिद्र्य कायम राहिले. या दुःखाचे कवीने काय केले? लोकांच्या ओठी राहिलेल्या त्यांच्या गीतांचा विषय हे घरातले दुःख नाही. आधुनिक मराठी कवितेत अपत्यवियोगावर किंवा पत्नीवियोगावर विलापिका लिहिण्याची परंपरा आहे. वामनदादांची कीर्ती तशा विलापिकांवर उभी नाही. यावरून त्यांच्या रचनेत खासगी शोक नाही असे अनुमान काढले जाते. ते घाईचे आहे. शोक आहे, परंतु त्याचा पत्ता बदलला आहे.

३. तुलनेची योग्य जागा

हा बदललेला पत्ता समजून घेण्यासाठी कृष्णवर्णीयांच्या परंपरेकडे वळणे उपयुक्त ठरते; मात्र छापील कवितेकडे नव्हे, तर तिच्या आधीच्या गाण्याकडे.

गुलामीतून पळून मुक्त झालेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात गुलामांच्या गाण्यांविषयी एक महत्त्वाचा खुलासा केला. गुलाम गातात, म्हणजे ते समाधानी आहेत, असे अनेकांना वाटे. डग्लस यांच्या मते हा अर्थ नेमका उलटा आहे; गुलाम सर्वाधिक गातो तो दुःखाच्या वेळी. डू बॉइस यांनी १९०३ च्या ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ या ग्रंथाचा शेवट या शोकगीतांवरील प्रकरणाने केला. त्याच ग्रंथात १८९९ साली मृत्यू पावलेल्या आपल्या पहिल्या मुलावर त्यांनी एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. एका समूहाचे शोकगीत आणि एका बापाचा शोक ही दोन्ही एकाच ग्रंथात असावीत, हा योगायोग नव्हे. समाजाचा इतिहास लिहीत असताना घरातला मृत्यू वगळता येत नाही, आणि घरातल्या मृत्यूचा अर्थ समाजाच्या इतिहासाशिवाय लागत नाही, अशी ही रचना आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी या गाण्यातून ‘ब्लूज’ हा प्रकार रूढ झाला. पहिली ओळ, तिचीच पुनरावृत्ती आणि तिला उत्तर देणारी तिसरी ओळ अशी त्याची सर्वपरिचित बांधणी आहे. बेसी स्मिथसारख्या गायिकांनी हा प्रकार रंगमंचावर आणि तबकड्यांवर लोकप्रिय केला. लँग्स्टन ह्यूज यांच्या १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द विअरी ब्लूज’ या संग्रहातील शीर्षक-कवितेत रात्री पियानोवर गाणाऱ्या एका कृष्णवर्णीय गायकाचे चित्र आहे, आणि त्याच्या गाण्याचे शब्द कवितेतच सामावलेले आहेत. म्हणजे छापील कवितेने गाण्याला आपल्या शेजारी नव्हे, तर आपल्या पोटात जागा दिली. कृष्णवर्णीय कवितेचा अभ्यासक ब्लूज वगळून ह्यूज शिकवू शकत नाही. मराठीत मात्र भीमगीत वगळून दलित कविता शिकवली जाते. तुलनेचा आराखडा घेताना त्याचा निम्मा भाग बाहेर राहिला, तो असा.

या दृष्टीने पाहता वामनदादांची तुलना केवळ ह्यूज यांच्याशी करून भागत नाही. ज्या गायकाकडून ह्यूज यांनी घेतले, त्याच्याशीही ती करावयास हवी. वामनदादा हे दोन्ही आहेत : गाणारेही आणि लिहिणारेही.

४. शोकाचे व्याकरण

वामनदादांच्या भीमगीताचे पहिले लक्षण म्हणजे त्यातील संबोधन. सभेत, वृत्तपत्रात, निवेदनात आंबेडकरांचा उल्लेख ‘बाबासाहेब’ असा आणि आदरार्थी बहुवचनी होतो. गीतात मात्र ते ‘भीमा’ होतात आणि क्रियापदे एकेरी होतात. मराठीत एकेरी संबोधन दोन टोकांना जाते. ते तुच्छतेचे असते, तसेच ते परम जवळिकीचे असते. आईला, विठ्ठलाला आणि मृत माणसाला मराठी माणूस ‘तू’ म्हणतो.

यांतील तिसरा वापर येथे विशेष महत्त्वाचा आहे. ग्रामीण महाराष्ट्रात मृताच्या उशाशी बसलेल्या स्त्रिया हेल काढून रडतात, तेव्हा त्या मृताशी बोलत असतात. त्याला ‘तू’ म्हणून हाक मारतात, त्याने केलेली कामे एकेक करून सांगतात, आणि तुझ्यामागे आमचे कसे व्हायचे, असे विचारतात. संबोधन, कार्याची गणना आणि मागे राहिलेल्यांची दशा, ही त्या विलापाची तीन अंगे होत. वामनदादांच्या अनेक भीमगीतांचा घाट तपासला तर हीच तीन अंगे दिसतात. भीमाच्या जन्मामुळे कोट्यवधी कुळांचा उद्धार झाला, हे सांगणारे त्यांचे सर्वतोमुखी झालेले गीत वरवर पाहता जन्मोत्सवाचे आहे. परंतु त्याची कृतज्ञता मृताला उद्देशून आहे. ज्याला धन्यवाद द्यावयाचे तो ऐकावयास उरलेला नाही, ही जाणीव त्या आनंदाच्या तळाशी आहे.

या विलापाला ऐतिहासिक कारण आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर अवघ्या ५३ दिवसांनी, ६ डिसेंबर रोजी, दिल्ली येथे आंबेडकरांचे परिनिर्वाण झाले. दीक्षेच्या वेळी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा होती. म्हणजे ज्या समाजाने शोकाचे जुने विधी नुकतेच सोडले होते, त्याच्यावर दोन महिन्यांच्या आत सर्वांत मोठा शोक कोसळला. नवे विधी अद्याप रुळलेले नव्हते. तेरावे नाही, पिंड नाही, कावळ्याची वाट पाहणे नाही. मग शोक कोठे ठेवावा? ही रिकामी जागा गीताने भरून काढली, असे म्हणता येईल. जयंतीच्या आणि स्मृतिदिनाच्या रात्री वस्तीत होणारा गायनाचा कार्यक्रम हा करमणुकीचा तसाच प्रबोधनाचा असतो, हे खरेच. परंतु दरवर्षी त्याच तारखेला त्याच मृताला ‘तू’ म्हणून हाक मारणे हे स्मरणविधीचेही लक्षण आहे.

या विधीत कवीचा खासगी शोकही वाट काढतो. वामनदादा गीताच्या अखेरच्या कडव्यात आपले नाव गुंफतात. ही नाममुद्रा संतांच्या अभंगात आहे, शाहिरांच्या कवनात आहे आणि गझलेच्या मक्त्यातही आहे. सगळे गीत ‘आम्ही’चे असते आणि अखेरीस ‘वामन’ येतो. ज्याचे स्वतःचे लेकरू गेले तो माणूस समूहाच्या शोकाखाली आपली सही करतो. गीत ऐकणाऱ्यालाही हेच करावयाचे असते. त्याच्या घरचा मृत्यू, त्याचे गाव सुटणे, त्याचा मोडलेला संसार यांना स्वतंत्र गीत नसते. ते सर्व तो या एका शोकात मिसळतो. शोकाचा पत्ता बदलतो तो असा.

गीत प्रत्येक वेळी शोक पेलू शकते, असे मात्र नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात दहा जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर थोड्याच दिवसांत मुलुंडच्या झोपडपट्टीत राहणारे शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपविले. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या चित्रपटाचा आरंभबिंदू हा मृत्यू आहे. समूहाचा शोक वाहणाऱ्या गायकावर त्या शोकाचा भार किती पडतो, याचा विचार या परंपरेच्या अभ्यासात टाळता येणार नाही.

५. प्रेम आणि जाब

भीमगीतावर घेतला जाणारा मुख्य आक्षेप व्यक्तिपूजेचा आहे, आणि तो गंभीरपणे विचारात घेतला पाहिजे. कारण तो आक्षेप आंबेडकरांच्याच शब्दांच्या आधारे घेता येतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात त्यांनी राजकारणातील भक्ती ही अधोगतीकडे आणि अंतिमतः हुकूमशाहीकडे नेणारी वाट आहे, असा इशारा दिला होता. मग त्यांनाच ‘भीमा’ म्हणून आळविणारे गीत हे त्यांच्या विचाराशी द्रोह करते काय?

भक्तिगीताशी भीमगीताचे नाते आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रल्हाद शिंदे यांच्या एकाच गळ्यातून विठ्ठलाची गाणीही महाराष्ट्रभर पोहोचली आणि भीमगीतेही पोहोचली. परंतु वामनदादांच्या गीतातील प्रेम तपासले असता ते भक्तीच्या एका मूलभूत अटीत बसत नाही. भक्त आपला भार देवावर टाकतो. वामनदादांच्या गीतात भार उलट्या दिशेने येतो. ज्याच्यावर प्रेम आहे तो गेला आहे. काम मागे राहिले आहे. ते करावयाचे आहे ते गाणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने. म्हणून या प्रेमाला लागूनच जाब येतो. खरे अनुयायी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके तरी निघाले असते तर चित्र निराळे झाले असते, असा भाव असलेले त्यांचे एक गीत सर्वपरिचित आहे. ते जयंतीच्या मंचावरून गायिले जाते, आणि त्याचा रोख समोर बसलेल्यांवर व शेजारी बसलेल्या पुढाऱ्यांवर असतो. देशातील संपत्तीत कष्टकऱ्याचा वाटा कोठे आहे, असा उद्योगपतींची नावे घेऊन विचारणा करणारे त्यांचे गीतही याच जातीचे आहे. हे प्रेम नतमस्तक करीत नाही. ते हिशेब मागते.

प्रेमाचा आणखी एक पदर चालीतून येतो. गीतपुस्तिकांत प्रत्येक गीताच्या वर ‘चाल’ म्हणून एखाद्या प्रसिद्ध गीताचा निर्देश छापण्याची प्रथा आहे. ही मूळ गीते पुष्कळदा चित्रपटांतील प्रियकर-प्रेयसीची असतात. समीक्षकाला ही उसनवारी वाटते. ऐकणाऱ्याला मात्र दोन गीते एकाच वेळी ऐकू येतात. प्रेयसीसाठी घडविलेल्या सुरावटीत भीमाचे नाव बसते, तेव्हा त्या सुरावटीतील ओढ जशीच्या तशी नव्या शब्दांत उतरते. शब्द विचारांचे आणि सूर विरहाचा, अशी ही दुहेरी वीण आहे. छापील संग्रहात तिचा अर्धा भाग दिसतच नाही.

६. रमाई : स्त्रीच्या शोकाची जागा

अँजेला डेव्हिस यांनी १९९८ साली ब्लूज गायिकांवर लिहिलेल्या ग्रंथात एक मर्मग्राही विचार मांडला आहे. गुलामीत कृष्णवर्णीयांना आपला जोडीदार निवडण्याचे स्वातंत्र्य नव्हते; त्यामुळे मुक्तीनंतर त्यांच्या गाण्यात स्त्री-पुरुषांच्या प्रेमाने जे स्थान घेतले, ते स्वातंत्र्याचेच चिन्ह होते. म्हणजे ब्लूजमधील प्रेमगीत हे राजकारणापासून पळ काढणारे गीत नव्हे.

या कसोटीवर भीमगीताची परंपरा तोकडी पडते, हे मान्य करावे लागेल. तिच्यात स्त्री-पुरुषांचे प्रेम प्रामुख्याने एकाच दांपत्यात एकवटले आहे : भीम आणि रमाई. रमाबाई आंबेडकर यांचे जीवन शोकाने भरलेले होते. त्यांच्या पाच अपत्यांपैकी एकटे यशवंत जगले. १९२६ साली राजरत्न गेला, तेव्हा आंबेडकरांनी दत्तोबा पवार यांना लिहिलेल्या पत्रातून एका बापाचे कोसळणे दिसते. २७ मे १९३५ रोजी रमाबाईंचे निधन झाले. पाकिस्तानविषयीच्या आपल्या ग्रंथाची अर्पणपत्रिका आंबेडकरांनी त्यांच्या नावे लिहिली.

रमाईवरील गीतांमध्ये दारिद्र्य, लेकरांचे मृत्यू आणि पतीच्या ध्येयासाठी सोसलेले कष्ट हे विषय पुन:पुन्हा येतात. वस्तीतील स्त्रीला आपल्या दुःखाची ओळख या गीतांतून पटते. अपत्यशोक हा तिच्या घरचाही अनुभव आहे, आणि तो येथे प्रथमच गौरवाचा विषय होतो. वामनदादांचा अपत्यशोकही याच परंपरेच्या शेजारी ठेवून वाचावयास हवा.

परंतु गौरवाची किंमतही आहे. सोसणारी रमाई हा आदर्श झाला की बोलणारी, संघटना करणारी, नकार देणारी स्त्री गीताच्या बाहेर राहते. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथात आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा कर्तृत्वपूर्ण सहभाग नोंदविला. त्या ग्रंथातील स्त्रिया आणि गीतातील रमाई यांना समोरासमोर ठेवले म्हणजे भीमगीताचे सामर्थ्य आणि त्याची सीमा ही दोन्ही एकाच वेळी स्पष्ट होतात. स्त्रीचा शोक गीताने स्वीकारला. तिचे प्रेम, तिची निवड, तिचा राग यांना त्याने पुरेशी जागा दिली नाही.

७. संहितेचा प्रश्न

वरील विवेचन पुढे न्यावयाचे तर संहितेचा प्रश्न उभा राहतो. डू बॉइस यांनी आपल्या ग्रंथातील प्रकरणांच्या आरंभी शोकगीतांच्या सुरावटी शब्दांवाचून, केवळ स्वरलिपीत छापल्या. ज्यांना ते गाणे माहीत आहे त्यांना शब्द आपोआप आठवावेत, आणि ज्यांना माहीत नाही त्यांना आपले अज्ञान जाणवावे, अशी ती योजना आहे. मराठीत याच्या उलट घडले. शब्द छापले गेले आणि सूर बाहेर राहिला. शिवाय शब्दही सर्व छापले गेले नाहीत. गायकांनी कडवी वाढविली, गाळली, बदलली, एकाची रचना दुसऱ्याच्या नावावर गेली, वह्या हरवल्या. मौखिक परंपरेत हे स्वाभाविक आहे, परंतु म्हणूनच या परंपरेचा अभ्यास ग्रंथालयात बसून पुरा होत नाही.

त्यासाठीचे क्षेत्र महाविद्यालयांच्या दाराशीच आहे. नाशिक जिल्ह्यातून मुंबईकडे येणारा रेल्वेमार्ग कसारा घाट उतरून कल्याण आणि ठाणे या मार्गाने येतो. वामनदादांसारखे असंख्य लोक याच दिशेने पोटासाठी आले. ठाणे, बाळकुम, कळवा, कल्याण, उल्हासनगर, डोंबिवली या पट्ट्यात कारखाने आणि रेल्वे यांच्या आधाराने वस्त्या वाढल्या, आणि येणाऱ्यांनी सामानाबरोबर गाणीही आणली. या परिसरातील महाविद्यालयांत दलित कविता शिकणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये काहींच्या आजोबांची गाण्यांची वही आजही घरातल्या पेटीत असू शकेल. वर्गात त्याला छापील मुक्तछंद दलित कविता म्हणून शिकविला जातो. घरची वही मात्र ‘साहित्य’ या सदरात येत नाही. अध्यापकाने वर्गात एवढे विचारले, की तुमच्या घरी जयंतीला कोणती गाणी म्हणतात आणि ती कोणाकडून आली, तरी संकलनाचा आरंभ होऊ शकतो. गाणाऱ्याचे नाव, चाल, कडव्यांचा क्रम, गाण्याचा प्रसंग आणि ज्याच्याकडून गीत शिकले त्याचे नाव, एवढ्या पाच नोंदी प्रत्येक गीताबरोबर ठेवल्या तर पाठचिकित्सेला पुरेसा आधार मिळेल. वामनदादांना ऐकलेली आणि त्यांच्याबरोबर गायिलेली पिढी आता वृद्ध झाली आहे. हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही.

८. समारोप

वामनदादा कर्डक यांच्या गीतरचनेचा विचार ‘प्रचार’ या एकाच संज्ञेने करणे अपुरे आहे. त्यांच्या भीमगीताचा घाट विलापाचा आहे. त्याचे एकेरी संबोधन मृताशी बोलण्याच्या मराठी रीतीतून आलेले आहे, आणि जुने विधी सोडलेल्या समाजाला त्या गीताने शोकाची नवी जागा दिली. त्यातील प्रेम भक्तीच्या जवळ जाते. परंतु ते भार टाकणारे नसून भार उचलावयास लावणारे आहे, म्हणून ते भक्तीपासून वेगळे ठरते. स्त्रीचा शोक त्याने सामावून घेतला. स्त्रीचे स्वातंत्र्य मात्र त्यात पुरेसे उमटले नाही.

दलित कविता आणि कृष्णवर्णीयांची कविता यांची तुलना यापुढे करावयाची असेल, तर विद्रोहाबरोबर शोकाचा आणि छापील पानाबरोबर गाण्याचा विचार करावा लागेल. डग्लस यांनी १८४५ साली जे सांगितले ते मराठी समीक्षेलाही लागू आहे : गाणाऱ्याच्या गळ्यातील उत्साह ऐकून त्याच्या दुःखाविषयी निष्कर्ष काढू नये. जयंतीच्या रात्री ढोलकीच्या तालावर उसळणारे गीत हे एका मृताला मारलेली हाक आहे. ती हाक मारणाऱ्याने आपल्या मुलीचा मृत्यू पाहिला होता, आणि अखेरच्या कडव्यात त्याने केवळ आपले नाव ठेवले.